कंगवा विकणे आहे

सोमवार, ४ मार्च

गटात भांडण लागलंय. गट मी चालवतो, त्यामुळे ते मिटवणंही माझ्याकडे आलंय.

पुढे कधी ही वही मीच वाचली तर संदर्भ लागावा म्हणून लिहून ठेवतो. कॉलेजात ज्या बँडवर आम्ही जीव टाकला तो फुटून वीस वर्षं झाली. चाहत्यांचा गट मात्र टिकून आहे. दर एप्रिलमध्ये शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मेळावा होतो. गटातलीच चार-पाच मंडळी वाद्यं घेऊन उभी राहतात आणि सगळी गाणी होतात. शेवटचं गाणं ठरलेलं, ‘कंगवा विकणे आहे.’ चाल अशी की पाय गप्प राहत नाहीत. विषय असा की कॅन्सरचे उपचार चालू असलेला एक माणूस आहे, केस गळून गेलेत, आणि आता या कंगव्याचं करायचं काय म्हणून तो दारोदार विकत फिरतोय.

कंगवा विकणे आहे हो, कंगवा विकणे आहे,
दात सगळे शाबूत, फक्त मालक गळतो आहे.

या गाण्याला प्रत्येकजण कंगवा घेऊन येतो. दात्यांवर पातळ कागद धरायचा आणि ओठ लावून वाजवायचा. दोनशे माणसं एकदम वाजवायला लागली की हॉल गांधीलमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमतो. गाणं संपलं की कंगवे स्टेजवर फेकायचे. विसरणाऱ्यांसाठी आम्ही जादा कंगवे आणून ठेवतो. यंदाचा खोका आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन पडलेला आहे. इतक्या वर्षांत या गाण्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मलाही नाही.

यंदा एक नर्स गटात आली. काल कुणीतरी मागच्या मेळाव्याचा व्हिडिओ टाकला, त्याखाली तिनं लिहिलं: ‘मी रोज केस पडलेल्या उशा झटकते. मला हसू येत नाही. ज्यांना येतं त्यांनी एक दिवस माझ्या वॉर्डात यावं.’

आमचा गायक गॅरेज चालवतो, त्याला सगळे मेकॅनिकच म्हणतात. त्यानं उत्तर दिलं: ‘ताई, गाणं रोगाला हसतंय, रोग्याला नाही.’ मग गटातले वकीलसाहेब उतरले. त्यांनी हेतू आणि परिणाम यांवर सात मुद्दे लिहिले आणि सातव्यात पहिला खोडून काढला. संध्याकाळपर्यंत दोन तट पडले. दोघांनी गट सोडला, त्यातला एक थोड्या वेळानं परत आला.

जेवताना बायकोला सांगितलं. तिला त्या बँडचं काडीचं कौतुक नाही. एकाही मेळाव्याला ती आलेली नाही. तिनं जेवण थांबवून सगळं ऐकलं.

“आणि तुझं काय म्हणणं?”

“दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात.”

“दोन्ही बाजू तुला नेहमीच समजतात रे. तुझी कुठली?”

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

गुरुवार, ७ मार्च

आज एक बरी गोष्ट घडली. बायकोनं माझ्या कामात रस दाखवला.

औषधाच्या खोक्यात जे घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, ते लिहिण्याचं माझं काम. लोक ते न वाचता फेकतात हे मला माहीत आहे. ती आज भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुमच्या त्या कागदावर ‘सामान्यतः आढळणारे दुष्परिणाम’ असं असतं, त्यात सामान्यतः म्हणजे किती जणांना?”

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी तिला सगळी उतरंड समजावून दिली. फार सामान्य म्हणजे काय, सामान्य, क्वचित, अतिक्वचित, आणि कुठलाही शब्द मनाला आला म्हणून वापरता येत नाही, त्यामागे आकडे असतात.

“आणि केस गळणं?”

“औषधावर आहे. काहींमध्ये ते फार सामान्यमध्ये येतं. गाण्यामुळे विचारतेयस का?”

“हं. परत येतात का पण?”

“‘उपचार थांबल्यावर केस सहसा परत येतात.’ हे वाक्य मी स्वतः लिहिलंय. आधी ‘सहसा’ नव्हतं. मी भांडून घातलं.”

“का?”

“कारण सगळ्यांचे तसेच येतात असं नाही. खोटी हमी कशाला द्यायची?”

ती बराच वेळ भाजीच निवडत होती. मग म्हणाली, “फारच प्रामाणिक आहेस बाबा तू.” मला ते कौतुक वाटलं. आत्ता लिहिताना तितकी खात्री वाटत नाही.

रविवार, १० मार्च

बायकोच्या डोक्यात नवीन खूळ आलंय. मी गाडी चालवायला शिकायचं.

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. अर्ध्या गावाला तिनं रस्त्यावर आणलंय असं ती म्हणते, आणि ते दोन्ही अर्थांनी घ्यायला तिची हरकत नसते. माझ्याकडे लायसन्स आहे. मी त्याचं वेळच्या वेळी नूतनीकरण करून घेतो. फक्त त्याचा उपयोग कधी केलेला नाही. ती घरात असताना मी कशाला चालवायचं, असा आमचा सरळ हिशेब होता.

“आत्ताच का?” मी विचारलं.

“माझी सगळी गिऱ्हाइकं शिकून गेली. तू तेवढा राहिलास.”

सकाळी तिची शिकवण्याची गाडी काढली. तिच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तिनं तो ब्रेक इतक्यांदा दाबला की आपण गाडी नेमकी पुढे नेतोय की नाही याचीच मला शंका येऊ लागली.

“अरे, रस्ता मोकळा आहे. थांबलास का?”

“बाजूच्या गल्लीतून कुणी आलं तर?”

“आलं तर थांब. येईल म्हणून काय थांबतोस?”

रिव्हर्स शिकवायला तिनं मला मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या पार्किंगमध्ये नेलं. म्हणाली, रविवारी तिथे जागा मोकळी असते आणि आखलेले पट्टे स्पष्ट आहेत. खरंच स्पष्ट आहेत. गेटमधून आत कसं वळायचं, लिफ्टच्या दाराजवळची रांग कुठली, तिकीट कुठल्या खिडकीशी घ्यायचं, हे तिनं माझ्याकडून तीनदा करून घेतलं. शिक्षक म्हणून ती किती बारकाईनं शिकवते हे मला आज कळलं.

गुरुवार, १४ मार्च

मेकॅनिकनं कुठून तरी गाणं लिहिणाऱ्याचा नंबर मिळवला. तो आता फरश्यांचं दुकान चालवतो. वकीलसाहेबांचं म्हणणं पडलं की त्याला स्वतःला हा आजार झाला असेल तर वादच संपला, स्वतःवर हसायचा हक्क त्याचाच. नसेल झाला तर नर्स म्हणते त्यात तथ्य आहे. विचारायचं काम माझ्याकडे.

मी फोन केला. ओळख दिली. आवाज तोच, जरा जाड झालाय. बोलता बोलता मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे व्हावं याची जरा लाज वाटली.

“ते गाणं तुमच्या अनुभवावर आहे का?”

मागे कुणीतरी बाथरूमच्या फरशीचा भाव विचारत होतं. तो म्हणाला, “समजा, मला झाला होता म्हटलं, तर गाणं चांगलं. नव्हता झाला म्हटलं, तर वाईट. असं आहे का?”

“अगदी तसंच नाही, पण—”

“मग उत्तर कशाला पाहिजे तुम्हाला?” आणि मग, “गिऱ्हाईक आहे, ठेवतो हं.”

गटाला शब्दशः कळवलं. दोन्ही तटांना वाटतंय की तो आपल्या बाजूनं बोलला.

रविवार, १७ मार्च

दुसरा धडा. पुन्हा हॉस्पिटलचं पार्किंग. आज दोन पट्ट्यांच्या मध्ये गाडी बसली. तिनं टाळ्या वाजवल्या.

तिनं केस एकदम बारीक कापून आणलेत, कानाच्याही वर. लग्नापासून तिची वेणी मी पाहत आलोय. “उन्हाळा आलाय,” म्हणाली. मी लगेच “छान दिसतात” म्हटलं. नंतर वाटलं, फार पटकन म्हटलं. खरं म्हणजे मला वेणी आवडायची. पण कापून झाल्यावर ते सांगण्यात काय अर्थ?

बाहेरच्या खोलीतल्या खोक्यातून तिनं एक कंगवा घेतला, निळा. वाजवून बघत होती. कागदाशिवाय. मी म्हटलं, “कागद लागतो.” ती म्हणाली, “लागतो होय? दे मग.” पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली. नंतर सूर लागला. ती इतकी हसली की खोकायला लागली.

“यंदा मीही येते तुझ्या मेळाव्याला.”

“तू? तुला तर तो गोंगाट वाटतो.”

“गोंगाटच आहे. ते एक गाणं झालं की निघू.”

मी म्हटलं, त्याच गाण्याचं अजून काही ठरलेलं नाही.

बुधवार, २० मार्च

ताई आली. न कळवता, बॅग घेऊन. माझी मोठी बहीण एरवी येण्याआधी चार दिवस फोन करून आपल्याला काय काय चालत नाही ते सांगते. म्हणाली, “आले सहज. राहीन थोडे दिवस. का, जड झाले?”

आल्यापासून ती आणि बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात आणि मी गेलो की गप्प होतात. माझ्या पन्नाशीचं काही ठरवत असतील असं वाटलं, पण तिला अजून तीन वर्षं आहेत.

ताईला गाठून विचारलं, “काय चाललंय तुमचं?”

“बायकोला विचार की.”

“विचारलं. काही नाही म्हणाली.”

“मग नीट विचार.”

“नीट म्हणजे?”

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी पायातलीच चप्पल घरभर शोधत असायचो तेव्हा पाहायची. “तू ना, शंभर कागद वाचशील, पण समोरच्याचं तोंड वाचणार नाहीस,” म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

कशाबद्दल चिडलीय कळलं नाही. तिच्या घरी काही बिनसलं असावं. विचारायला हवं, पण खोदून विचारणंही बरं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

विचित्र प्रकार. नर्सनं आज मला फोन केला. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बोललो.

“माझी हरकत मी मागे घेते. गाणं होऊ द्या.”

मी सावध झालो. गेल्या आठवड्यात काही लोकांनी तिला बरंच तिखट लिहिलं होतं. “कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर? स्पष्ट सांगा. मी चालक आहे.”

“दबाव नाही हो. एक पेशंट भेटल्या.”

“त्यांना गाणं आवडलं?”

“त्यांनी मला सांगितलं, बंद करू नका म्हणून.” जरा थांबली. “याच्यापेक्षा जास्त मला बोलता येणार नाही. तुम्ही समजून घ्या.”

“म्हणजे एका पेशंटच्या मतावरून तुम्ही तुमचं इतक्या वर्षांच्या अनुभवाचं मत बदललंत?”

“हो,” ती म्हणाली. “दादा, तुम्ही घरी... म्हणजे घरी सगळे बरे आहेत ना?”

मी म्हटलं, मजेत. तिनं सुस्कारा टाकला आणि फोन ठेवला. फार ताणाखाली असावी. ही नोकरीच तशी आहे.

रविवार, २४ मार्च

निर्णय दिला. आज धडा घेतला नाही, सकाळभर तेच लिहीत बसलो.

मी असा विचार केला. नर्सनं माघार घेतली, पण तिचा मूळ मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. उलट ती दमून मागे हटली असेल तर तो मुद्दा सांभाळणं माझं काम आहे. दोनशे माणसांच्या हॉलमध्ये यातून जात असलेलं, किंवा घरात कुणी यातून जात असलेलं, एखादं माणूस असणारच. ते बोलून दाखवणार नाही. सगळे वाजवत असताना ते गप्प बसून राहील. त्या एका माणसासाठी आपण एक गाणं सोडू शकतो. यंदा ‘कंगवा’ होणार नाही.

एक गोष्ट इथेच लिहितो, गटात लिहिली नाही. ते गाणं मला मनापासून आवडतं. किंबहुना सगळ्यांत जास्त तेच. म्हणून माझ्या आवडीवर मी विश्वास ठेवला नाही.

मेकॅनिकनं एवढंच लिहिलं, ‘ठीक आहे साहेब.’ तो मला कधी साहेब म्हणत नाही.

सोमवार, २५ मार्च

बायकोला निवेदन वाचून दाखवलं. ती दारात उभी होती, गाडीची किल्ली हातात.

“छान लिहिलंयस,” म्हणाली. “घडी घालून खोक्यात टाक.”

“तुला पटलं नाही?”

“तो जो गप्प बसणारा माणूस आहे तुझा, त्याला विचारलंस?”

“तो कोण हे माहीतच नाही, तर विचारणार कसं?”

“हो ना,” ती म्हणाली. “कसं विचारणार.” आणि शिकवणीला गेली. दार आपटलं नाही, पण फार हळू लावलं. ताई आतून म्हणाली, “शाबास.” ते माझ्यासाठी नव्हतं एवढं मला कळलं.

हे इतकं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? बँडचं तोंड न बघणारी बाई. कंगव्यांचा खोका दुकानात परत करायला निघालो तर म्हणाली, राहू दे तिथेच.

सोमवार, १ एप्रिल

कालचं आज लिहितोय. काल जमलं नाही.

सकाळी धड्याला गेलो. तेच पार्किंग. मी रिव्हर्स घेत होतो. ती सांगत होती, “आरशात बघ. माझ्याकडे नको, आरशात.” तेवढ्यात बाजूच्या दारातून गणवेशातली एक बाई डबा हातात घेऊन बाहेर आली. गटातल्या फोटोवरून मी ओळखलं. नर्स. मी काच खाली केली.

“नमस्कार. मीच तो, मेळाव्याचा. तुम्ही हरकत मागे घेतलीत तरी तुमच्या मुद्द्याचा पूर्ण मान ठेवलाय बरं का.”

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या पलीकडे बघत म्हणाली, “अजून सांगितलं नाहीत?”

बायको म्हणाली, “नाही. म्हटलं रिव्हर्स तरी संपू दे याचा.”

माझा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. नर्स म्हणाली, “मी निघते. गुरुवारी भेटू,” आणि गेली. गुरुवारी भेटू हे ती मला म्हणाली नव्हती.

बायकोनं समोर बघतच सांगितलं. छातीत डाव्या बाजूला गाठ आहे. फेब्रुवारीत अंघोळ करताना हाताला लागली. तपासण्या झाल्या. चांगली नाही, पण लवकर सापडली. आधी औषधं, मग ऑपरेशन. औषधं येत्या गुरुवारपासून, इथेच, दुसऱ्या मजल्यावर. जाताना ती चालवू शकेल, येताना नाही.

“म्हणून तुला शिकवतेय,” म्हणाली. “रिक्षात ओकायचं नाहीये मला.”

मी विचारलं, का सांगितलं नाहीस?

“हा बघ. हाच.”

“काय?”

“आवाज. बाबांच्या आजारपणात तू हाच काढायचास. त्यांच्या खोलीत चपला हातात घेऊन जायचास. ते मला काय म्हणाले होते माहितीय? म्हणाले, सूनबाई, हा मला पोचवून आलाय वाटतं.”

मला हे माहीत नव्हतं.

“ताईला सांगितलं तर ती आधी रडली, मग भांडली, मग म्हणाली, चल, आता डोक्याला तेल लावायचा खर्च वाचला. तू काय केलं असतंस? तू निवेदन काढलं असतंस.” मग जरा वेळानं, “तपासणीला बसले होते तेव्हा ते गाणं तोंडात आलं माझ्या. तुझ्यामुळे इतकी वर्षं कानावर पडलेलं. आणि ती नर्स माझ्यावर डाफरली की हे इथे म्हणू नका. तेव्हा मला कळलं, ही तुझ्या गटातली. मी तिला सांगितलं, बाई, ज्या खोलीत शिरावं तिथे लोक माझ्यासमोर आवाज खाली करणार आहेत. एक हॉल असू दे जिथे दोनशे माणसं याच गोष्टीवर कंगवे वाजवतात. तो हॉल तू बंद केलास. माझीच काळजी घेऊन.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मनात पुष्कळ वाक्यं आली, आणि प्रत्येक वाक्य पत्रकातलं होतं. शेवटी म्हणालो, “गाडी बंद पडलीय.”

“मग चालू कर.”

चालू केली. घरापर्यंत आणली. वाटेत तिनं तिच्या बाजूचा ब्रेक एकदाही दाबला नाही.

गुरुवार, ४ एप्रिल

नेलं आणि आणलं. जाताना तिकिटाची खिडकी, रांग, लिफ्टचं दार, सगळं पाठ होतं. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

वरच्या खोलीत खुर्च्या होत्या, प्रत्येकीवर एक पेशंट, हाताला नळी. मी आत शिरताना पायाकडे बघितलं. चपला पायातच होत्या. नर्स सुई लावताना बायकोला म्हणाली, “दुखलं तर ओरडा.” बायको म्हणाली, “माझ्या शेजारी बसून लोक रोज ओरडतात, मला सवय नाही ओरडायची.” शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा हसले. मला हसू आलं नाही. प्रयत्न केला.

येताना ती डोळे मिटून होती. मी एका रिकाम्या चौकात थांबलो. ती डोळे न उघडता म्हणाली, “येणाराय का कुणी?”

“नाही.”

“मग?”

मी निघालो.

शनिवार, ६ एप्रिल

गटात लिहिलं: ‘माझा निर्णय चुकला होता. गाणं होईल. कारण विचारू नये.’ वकीलसाहेबांनी अर्थातच कारण विचारलं. चालकानं तत्त्व दोन आठवड्यांत फिरवलं तर गटाचा भरवसा कशावर, वगैरे. त्यांचं चूक नाही.

मला स्वतःलाही ते टोचतंय. मी तत्त्व बदललं की फक्त माझं माणूस निघालं म्हणून बदललं? त्या हॉलमध्ये दुसरं कुणी असेल, ज्याला हे गाणं खरंच सुरीसारखं लागेल, तर त्याचं काय? बायकोला विचारलं. (आता विचारतो. आवाज वर ठेवून.)

ती म्हणाली, “असेल की. त्याला बाहेर जायला दार ठेव. दार आणि कुलूप यांत फरक असतो.”

मेकॅनिकला तसं कळवलं. तो म्हणाला, “बरं झालं बुवा, तुला साहेब म्हणताना माझाच घसा बसला होता.” मग त्याला खरं ते सांगितलं. गटातल्या फक्त त्याला. त्यानं हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “वहिनींना सांग, पुढची रांग त्यांची.”

रविवार, १४ एप्रिल

सकाळी उशीवर केस. फार नाहीत. मी पाहिले, तिनं मला पाहताना पाहिलं. मी उशी उचलून खिडकीबाहेर झटकली. नर्सच्या त्या वाक्याची आठवण झाली. आता ते वाक्य आणि ते गाणं, दोन्ही मला खरी वाटतात. एकाला खोटं ठरवल्याशिवाय दुसऱ्याला खरं मानता येत नाही, असं मी इतके दिवस का धरून चाललो होतो?

रविवार, २१ एप्रिल

मेळावा झाला. आम्ही गेलो नाही. डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केलीय, तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्यात. मी म्हटलं, फोनवर ऐकू. ती म्हणाली, फोनवर कसलं, तिथपर्यंत तरी ने.

म्हणून मी गाडी शाळेच्या कुंपणाला लावली, हॉलच्या खिडक्यांखाली. मागे सरकवून, दोन झाडांच्या मधोमध, एका दमात. ताई मागच्या सीटवर बसली होती. म्हणाली, “हा खरंच आपला का गं?” बायकोनं डोक्याला रुमाल बांधला होता. कालच ताईनं मशीन फिरवलं.

शेवटच्या गाण्याआधी मेकॅनिकचा आवाज बाहेर आला: “ज्यांना हे ऐकायचं नसेल त्यांच्यासाठी बाहेर चहा ठेवलाय. खुशाल जा, कुणी मागे वळून बघणार नाही.” दारातून तिघं बाहेर आली. त्यातल्या एका बाईनं चहा घेतला नाही, ती पायरीवर तोंड झाकून बसली. नर्स तिच्यामागून आली आणि जवळ बसली. बायकोही तिकडेच बघत होती.

मग खिडक्यांतून गाणं आलं आणि कंगव्यांचा तो घुमणारा आवाज. बायकोनं पर्समधून निळा कंगवा काढला, कागद लावला आणि वाजवायला लागली. श्वास कमी पडत होता, मध्येमध्ये थांबत होती. ताईनं तिचा वाजवला. मी माझा. ‘मालक गळतो आहे’ला तिनं रुमाल काढून मांडीवर ठेवला.

गाणं संपलं. आत कंगवे फेकल्याचा आवाज झाला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. तिनं तिचा फेकला नाही. माझ्यापुढे धरला.

“विकणे आहे. घेणार का?”

मी हातात घेऊन उजेडात पाहिला. “एक दाता वाकलाय.”

“म्हणून स्वस्त लावते.”

“नाही, असा नको. जुना दिसतोय. मालकिणीनं नीट वापरला नाही.”

“काय वाट्टेल ते बोलू नकोस हं. एका हातचा आहे.”

“आणि मालकिणीला पुन्हा लागला तर? मग माझ्या दारात येऊन उभी राहील.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “लागेल का?”

मी म्हटलं, “सहसा लागतो.”

ती हसली. खोकला येईपर्यंत हसली, ताईनं मागून पाण्याची बाटली पुढे केली. मग तिनं कंगवा माझ्या हातातून काढून घेतला आणि परत पर्समध्ये टाकला.

“मग नाही विकत,” म्हणाली. “चल, काढ गाडी.”